घड्याळांचे एकमत

पुण्याहून नाशिककडे जाताना नारायणगावला उजवीकडे वळले, की दहा-बारा किलोमीटरवर खोडद लागते. ऊस, कांदा आणि टोमॅटोच्या शेतांमधून डोके वर काढणाऱ्या पांढुरक्या जाळीच्या प्रचंड थाळ्या आता जुन्नर-आंबेगावच्या लोकांना नव्या राहिलेल्या नाहीत. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना. त्यांतले १४ खोडदजवळच्या साधारण एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या परिसरात, आणि उरलेले १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेले. दक्षिणेकडचा हात आंबेगावच्या दिशेने जातो.

दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास शाळांची मुले ही दुर्बीण पाहायला येतात. थाळी दिसते, ती फिरताना दिसते, संगणकांच्या रांगा दिसतात. एक गोष्ट मात्र कुणाला दाखवता येत नाही, आणि तिच्याशिवाय बाकीच्या सगळ्या गोष्टी निरुपयोगी आहेत. ती म्हणजे वेळ. इतक्या अँटेनांनी आणि इतक्या संगणकांनी ‘आत्ता’ या शब्दाचा एकच अर्थ घ्यायचा, हे वाटते तितके सोपे नाही. आज बोलायचे आहे ते या एकमताविषयी.

वेळेचे एकमत हा काही संगणकाच्या युगातला नवा प्रश्न नव्हे. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र तरंगत ठेवत. तळाला बारीक छिद्र असलेली ती वाटी भरून बुडाली, की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटे, तिचा साठावा भाग म्हणजे पळ, आणि पळाचा साठावा भाग म्हणजे विपळ. भास्कराचार्यांच्या लीलावतीची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. वाटीत वाकून पाहताना तिच्या अलंकारातला मोती निसटला, छिद्रावर बसला आणि मुहूर्त टळला, असे सांगतात. कथेच्या खरेपणात शिरायचे कारण नाही, पण तिच्यातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. मांडवात घड्याळ एकच होते. ते बिघडल्याचे कळायला शेजारी दुसरे काहीच नव्हते.

पुढे रेल्वे आणि तारायंत्र आले आणि प्रश्न गावोगावच्या घड्याळांचा झाला. सूर्य डोक्यावर आला की बारा, हा पूर्वीचा हिशेब. जुन्नरचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या मानाने सरासरी ३४ मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, आणि मुंबईचा ३९ मिनिटे. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी, ज्यांचे नाव पुण्याच्या कॉलेजला आहे त्यांनीच, सरकारी कामकाजाला मद्रासची वेळ लावून पाहिली. मुंबईकरांनी दाद दिली नाही आणि पुढे तो बेत सोडून द्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हाही मुंबईत गिरणी कामगारांपासून नगरपित्यांपर्यंत विरोध झाला, आणि ‘मुंबई टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिला. त्या काळी माणसे विचारत, तुमचे घड्याळ कोणत्या वेळेचे? दोन्ही घड्याळे उत्तम चालत असायची. एकमत तेवढे नव्हते.

आता खोडदकडे परत येऊ. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उटीची रेडिओ दुर्बीण १९७० मध्ये उभी केल्यानंतर त्याहून मोठ्या दुर्बिणीचा ध्यास घेतला आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, म्हणजे एनसीआरएने, १९९० च्या दशकात जीएमआरटी उभारली. पोलादी दोरांवर ताणलेली हलकी जाळी वापरून कमी खर्चात मोठी थाळी उभी करण्याची युक्ती त्यांचीच. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी अर्पण झाली.

३० लहान थाळ्यांची मिळून २५ किलोमीटरची एक थाळी कशी होते? आकाशातून येणारी एकच रेडिओ लहर कुठल्या अँटेनावर आधी पोहोचते, कुठल्यावर नंतर. हा उशीर अचूक मोजून, तेवढा भरून काढून सगळे संकेत एकत्र केले, की ३० कान मिळून एक मोठा कान होतो. रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने जाते. सेकंदाच्या अब्जाव्या भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, ती ३० सेंटिमीटर पुढे सरकते. हायड्रोजनची प्रसिद्ध रेडिओ लहर अवघी २१ सेंटिमीटर लांबीची. म्हणजे एका नॅनोसेकंदाची गफलत झाली, तर अख्खी लहर निघून जाते. विपळाचे तुकडे करत गेलो तर एका विपळात ४० कोटी नॅनोसेकंद बसतात. यावरून कल्पना यावी.

मग प्रत्येक अँटेनाखाली एकेक उत्तम घड्याळ बसवावे का? रचनाकारांनी उलटे केले. ३० रानांत ३० घड्याळे ठेवण्याऐवजी त्यांनी प्रत्येक अँटेनाचा संकेत जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबर केबलमधून मध्यवर्ती इमारतीत आणला आणि तिथे एकाच घड्याळाच्या ठेक्यावर मोजला. अँटेनांना लागणारा संदर्भ ठेकाही याच इमारतीतून केबलने पाठवला जातो. चौदा किलोमीटर केबल पार करायला प्रकाशाला सुमारे ७० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ७० पट वेळ लागतो. शिवाय केबल उन्हाने तापली की हा वेळ किंचित बदलतो. म्हणून आकाशातल्या एखाद्या तेजस्वी, ओळखीच्या स्रोताकडे सगळे अँटेना वळवून ताळा घेतात. स्रोत कुठे आहे हे पक्के माहीत असते, तेव्हा उरलेला फरक आपल्या यंत्रांचा. यात एक सुंदर गणित आहे. तीन अँटेनांचा त्रिकोण घेतला, तर एकेका अँटेनाची चूक बेरजेत आपोआप कटते. दोघांत ताळा जमत नाही, तिसरा आला की जमतो. हा तिसरा आपल्याला पुढेही भेटणार आहे.

काळाबरोबर जीएमआरटीत खास बनवलेल्या यंत्रांच्या जोडीला बाजारात मिळणारे संगणक आले. ३० अँटेनांचे संकेत चालू निरीक्षणातच एकत्र करण्याचे काम लिनक्सवर चालणाऱ्या, नेटवर्कने जोडलेल्या साध्या संगणकांच्या ताफ्याकडून कसे करून घेतले, याचा शोधनिबंध तिथल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ताफा म्हटला की घड्याळे आलीच. प्रत्येक संगणकाच्या पोटात क्वार्ट्झचा स्वस्त स्फटिक असतो. त्याची चूक दहा लाखांत वीस भाग, ही अगदी सामान्य गोष्ट. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ मिनिटभर होते. शेजारी शेजारी ठेवलेले दोन संगणक एकाच दिशेने चुकतील अशीही खात्री नाही. खोली तापली, की चूक बदलते. मग नोंदवहीत चमत्कार दिसू लागतात. एका संगणकाने प्रश्न विचारला दहा वाजता, आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर दिले नऊ वाजून एकोणसाठ मिनिटांनी!

यावरचा उपाय अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी दिला. १९८५ मध्ये एनटीपी हा नेटवर्कवरून वेळ जुळवण्याचा संकेत त्यांच्या प्रयत्नांतून आकाराला आला. जानेवारी २०२४ मध्ये ते वारले, पण जगातले कोट्यवधी संगणक आजही त्यांच्या पद्धतीने घड्याळ लावतात. ही पद्धत समजायला संगणक लागत नाही, एसटी पुरेशी आहे.

समजा जुन्नरच्या कचेरीने आपल्या घड्याळात दहा वाजता एसटीबरोबर पुण्याला चिठ्ठी धाडली. पुण्याच्या कचेरीने पोहोच लिहिली, ‘आमच्या घड्याळात १२ वाजून ४० मिनिटांनी मिळाली, १२ वाजून ५० मिनिटांनी परत पाठवतो.’ उत्तर जुन्नरला आले तेव्हा तिथे ३ वाजून १० मिनिटे झाली होती. एकूण पाच तास दहा मिनिटे गेली. त्यांतली पुण्यातली दहा मिनिटे वजा केली, तर प्रवास पाच तासांचा, म्हणजे एका खेपेला अडीच तास. तेव्हा जुन्नरच्या हिशेबाने चिठ्ठी साडेबाराला पोहोचली. पुणे म्हणते १२.४०. अर्थात जुन्नरचे घड्याळ दहा मिनिटे मागे आहे. एनटीपी हाच हिशेब करते. फक्त एसटीच्या जागी नेटवर्क आणि तासांच्या जागी सेकंदाचा हजारावा भाग.

पण या हिशेबात एक गृहीत धरलेले आहे. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला, असे आपण मानले. जाताना गाडी चाकणच्या कोंडीत अडकून दोन तास चाळीस मिनिटे लागली आणि येताना दोन तास वीस मिनिटांत आली, असे असेल तर? तर दोन्ही घड्याळे मुळात बरोबरच होती, आणि आपण हिशेब करून जुन्नरचे चांगले घड्याळ बिघडवून बसलो! नेटवर्कवर हे नेहमी घडते. जाण्याचा मार्ग मोकळा, येण्याचा तुंबलेला. आणि दोनच घड्याळे असतील, तर हा दोष कुठल्याही हिशेबाने उघडकीस येत नाही. म्हणून मिल्स यांनी एकाच सर्व्हरवर विसंबू नका, असे सांगितले. अनेकांना विचारा, आणि ज्यांची उत्तरे परस्परांशी जुळतात त्यांचेच ऐका. वेळ नीट सांगणारी आणि खोटे टोल देणारी घड्याळे, अशी दोन मजेदार इंग्रजी नावे त्यांच्या लिखाणात रुळली. दोघांत खोटा कोण हे सांगता येत नाही. तिघे असले तर येऊ शकते. चौघे असले आणि त्यांतला एक बंद पडला, तरी काम निभावते.

एनटीपीचे दुसरे शहाणपण म्हणजे संयम. थोडा फरक दिसला, तर मूळ एनटीपी प्रोग्रॅम घड्याळाचा काटा धसमुसळेपणाने ओढत नाही. ते किंचित जलद किंवा किंचित मंद करतो, तेही सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद. कारण काटा मागे ओढला, तर तेच क्षण दोनदा येतात आणि नोंदींचा क्रम मोडतो. आणि फरक एक हजार सेकंदांच्या वर गेला, तर तो दुरुस्तीच नाकारतो. इतकी मोठी चूक घड्याळाची नसते, कुठेतरी दुसरेच काही बिघडले आहे, माणसाला बोलवा, असा त्याचा अर्थ.

माणसाला बोलवल्यावर त्याने काय करायचे? जुने वैद्य नाडी पाहत, तशी इथे चुकीची चाल पाहायची. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर घड्याळ ठणठणीत आहे. प्रमाणवेळ आणि जागतिक वेळ यांची गल्लत झाली आहे. संगणक १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच असे दाखवत असेल, तर त्याची स्मृती गेली आहे. कारण लिनक्स आपली कालगणना १९७० च्या पहिल्या क्षणापासून सेकंदांत करतो, आणि जागतिक वेळेची ती मध्यरात्र म्हणजे आपली पहाट. अशा वेळी मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी आधी तपासावी. घरच्या जुन्या संगणकावर बँकेची साइट एकाएकी असुरक्षित दिसू लागली, तरी बऱ्याचदा दोष याच बॅटरीचा असतो. जीपीएसचे जुने यंत्र एकदम १९ वर्षे ७ महिने मागे गेले, तर त्याचा आठवड्यांचा आकडा भरून पुन्हा शून्यावर आला आहे. तो १०२४ आठवड्यांनी भरतो, शेवटचा ७ एप्रिल २०१९ रोजी भरला. फरक रोज थोडाथोडा वाढत असेल, तर स्फटिक वाहतो आहे आणि त्याला कुणी सावरत नाही. बहुधा सर्व्हरपर्यंत वाटच पोहोचत नाही. फरक वाढत नाही पण जातही नाही, तर चाकणची कोंडी आठवावी. आणि फरक नेमका एक सेकंदाचा असेल, तर कॅलेंडर पाहावे.

या एका सेकंदाने जगाला एकदा चांगलेच हैराण केले. पृथ्वीची गिरकी आण्विक घड्याळाइतकी नियमित नाही, म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक लीप सेकंद वाढवला जातो. आतापर्यंत असे २७ सेकंद वाढले. ३० जून २०१२ च्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे १ जुलैला पहाटे साडेपाचच्या आधी, असाच एक सेकंद आला. लिनक्सच्या गाभ्यातल्या एका दोषामुळे घड्याळाने तो सेकंद मोजला, पण गजर लावणाऱ्या भागाला ते कळलेच नाही. त्याच्या लेखी प्रत्येक गजराची वेळ टळून गेलेली. असंख्य संगणक जागच्या जागी धापा टाकू लागले. रेडिट बंद पडले, क्वांटास विमान कंपनीच्या प्रवाशांची नोंदणी खोळंबली. उतारा काय, तर संगणकाने दाखवलेली वेळ वाचायची आणि तीच त्याला पुन्हा सांगायची! तेवढ्याने दोन्ही भागांचे एकमत होऊन तो शांत होई. २०२२ मध्ये वजनमापांच्या जागतिक परिषदेने, २०३५ पर्यंत ही लीप सेकंदाची चाल थांबवावी, असे ठरवले.

तुम्ही म्हणाल, जीएमआरटीला एवढ्या सूक्ष्म वेळेची गरज खरोखर कुठे पडते? सगळीकडे नाही. थाळी ताऱ्यामागे फिरवायला घड्याळ सेकंदभर चुकले तरी फारसे बिघडत नाही. नोंदवह्या जुळवायला नेटवर्कवरून मिळणारे मिलिसेकंद पुरतात. किती अचूकता हवी हे आधी ठरवावे, नाहीतर नको तिथे कष्ट आणि हवे तिथे गफलत होते. खरी कसोटी लागते ती स्पंदक ताऱ्यांपाशी. स्पंदक म्हणजे मृत ताऱ्याचा स्वतःभोवती गरगर फिरणारा गाभा. दर फेऱ्याला त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो, जसा दीपगृहाचा. १९८२ मध्ये डोनाल्ड बॅकर आणि सहकाऱ्यांना सेकंदाला सुमारे ६४२ फेऱ्या घेणारा स्पंदक सापडला. त्या चमूत एक तरुण संशोधक होते श्रीनिवास कुलकर्णी, जन्माने आपल्या कुरुंदवाडचे. असे स्पंदक इतके नियमित असतात, की ते निसर्गाचीच घड्याळे ठरतात.

यांचा उपयोग असा. प्रचंड वस्तुमानाची कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरतात, तेव्हा अवकाशात गुरुत्वीय लहरी उठतात. त्यांतल्या काहींची एकेक लाट जायला वर्षानुवर्षे लागतात. अशी लाट जाताना स्पंदकाचा ठोका सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागाने लवकर किंवा उशिरा येतो. भालचंद्र जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भारत-जपान गट जीएमआरटीवरून अनेक स्पंदकांचे ठोके वर्षानुवर्षे टिपत आला आहे. २९ जून २०२३ रोजी या गटाने युरोपीय संशोधकांबरोबर, आणि त्याच दिवशी अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीनमधल्या गटांनीही, अशा लहरींचा पुरावा दिसत असल्याचे जाहीर केले.

आता शंका काढा. ठोका उशिरा आला तो लहरीमुळे, की खोडदचे घड्याळ पुढे गेल्यामुळे? वर्षांच्या मोजमापात एक कोटीवा भाग म्हणजे काय, विचार करा. याचे उत्तर फार साधे आहे, आणि या साऱ्या भाषणाचे सार त्यात आहे. आपले घड्याळ चुकले, तर आकाशातले सगळे स्पंदक एकदम, सारखेच चुकल्यासारखे दिसतील. एखादा स्पंदकच चुकला, तर तो एकटाच चुकेल. आणि गुरुत्वीय लहर असेल, तर कोणते दोन स्पंदक कसे चुकतात ते आकाशात त्यांच्यामधला कोन किती, यावर ठरेल. हा नमुना हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्येच मांडून ठेवला होता. विश्वाची लहर ओळखण्याची रीत आणि नेटवर्कमधले खोटे घड्याळ ओळखण्याची रीत, या दोन्ही मुळात एकच.

आणखी एक शिस्त या कामात पाळली जाते. वेधशाळेचे घड्याळ जीपीएसपासून किती ढळले, याची नोंद ठेवली जाते आणि ती चूक नंतर हिशेबात वळती केली जाते. जीएमआरटीच्या स्पंदक-नोंदींवर भारतीय प्रमाणवेळ लिहिलेली असते. तिच्यातून साडेपाच तास वजा करायचे, मग घड्याळाची नोंदलेली चूक काढायची, आणि मगच जगाशी ताळा. घड्याळ सारखे हलवत राहिलो, तर काल किती चुकले होते हे उद्या कुणालाच सांगता येणार नाही. चुकीची नीट नोंद असलेले घड्याळ हे नोंद नसलेल्या ‘बरोबर’ घड्याळापेक्षा मोलाचे.

आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून घड्याळ लावण्याची सवय आपल्यातल्या पुष्कळांना होती. तेव्हाही आपण नकळत हेच करत होतो. भिंतीवरचे एक घड्याळ, मनगटावरचे दुसरे आणि रेडिओ हा तिसरा. लीलावतीच्या मांडवात असा दुसरा-तिसरा साक्षीदार नव्हता. खोडदच्या माळावर तो मुद्दाम उभा केलेला आहे, केबलमध्ये, सर्व्हरमध्ये आणि हजारो प्रकाशवर्षे दूर फिरणाऱ्या ताऱ्यांमध्येसुद्धा. म्हणूनच तिथले ‘आत्ता’ विश्वासाचे आहे.